गोधडीला जाड दोरा लावला की दोरा तुटतो, खाली गुंता होतो: काय काय आणि कुठल्या क्रमानं तपासायचं

आधी लक्षणं लिहिते, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते कळेल. साध्या दोऱ्यानं ब्लाऊज, पिशव्या, उशांचे अभ्रे सगळं नीट शिवलं जातं, पण गोधडीवर टाका उठून दिसावा म्हणून वर जाड दोरा लावला की वीतभर टीप जाते न जाते तोच दोरा तुटतो. किंवा लगेच तुटत नाही, पण सुईपाशी दोऱ्याची तुसं निघायला लागतात, ती गोळा होत होत सुईच्या वर छोटासा गोंडा जमतो आणि मग तुटतो. किंवा वरून टीप छान दिसते आणि गोधडी उलटी केली की खाली दोऱ्याचं जंजाळ. किंवा मधले टाके सुटतात, तीन नीट पडले की एक लांबच लांब. किंवा खालचा पातळ दोरा वर ठिपक्या ठिपक्यांनी दिसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे थर जास्त आले त्या जागी ठक ठक आवाज येतो आणि सुई मोडते.

यातलं एक जरी होत असेल तरी पुढचं कामाचं आहे. मी हे माझ्या काळ्या पायमशीनवर, बहिणीच्या मोटरच्या मशीनवर आणि ओळखीतल्या बायकांच्या मशीनवर इतक्या वेळा निस्तरलंय की आता क्रम पाठ झालाय. जवळजवळ प्रत्येक वेळी मी पोचेपर्यंत त्या घरात एक गोष्ट झालेली असते, कोणीतरी टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याचा ताण कमीजास्त करायचा, स्क्रू फिरवून ठेवलेला असतो, वरचाही आणि बॉबिन केसचाही (खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी ती बॉबिन, ती बसते ती डबी म्हणजे केस). कृपा करून ते करू नका. जाड दोऱ्याचा त्रास बहुतेक वेळा टेन्शनमुळे सुरूच झालेला नसतो, आणि तुम्ही स्क्रू फिरवला की मूळचा दोष तसाच राहतो, वर एक नवा दोष तयार होतो, मग दोन्ही एकमेकांत मिसळले की काय कशामुळे होतंय ते मलाही पटकन कळत नाही. टेन्शन आहे, त्याची पाळी येईल, पण खूप उशिरा.

सगळ्यात आधी फुकटातली परीक्षा करा. जाड दोरा काढा, साधा नेहमीचा दोरा वर-खाली घाला, नवी १४ नंबरची सुई लावा आणि सुती कापडाचे फक्त दोन थर घेऊन हातभर टीप मारा. टीप दोन्ही बाजूंनी स्वच्छ आली तर मशीन धडधाकट आहे, गडबड सुई, दोरा, थर या तिघांत कुठेतरी आहे, म्हणजे घरच्या घरी सुटेल. पण साध्या दोऱ्यानं दोन थरांवरही टाके सुटत असतील तर जाड दोऱ्याचा विषय बाजूला ठेवा, मशीनलाच काहीतरी झालंय, त्याबद्दल शेवटी लिहिलंय. ही परीक्षा न करता लोक दोन दोन दिवस भांडत बसतात म्हणून पहिलीच सांगितली.

आता तुटलेल्या दोऱ्याचं टोक उजेडात धरून बघा. टोक पिंजल्यासारखं झालं असेल, पदर सुटे झाले असतील, तर दोरा कुठेतरी घासला जातोय, बहुतेक सुईच्या नाकात. टोक ब्लेडनं कापल्यासारखं साफ असेल तर कुठेतरी धार आहे, प्लेटच्या (सुईखालच्या पत्र्याच्या) भोकाला किंवा शटलला (खाली फिरून वरच्या दोऱ्याचा फास धरणाऱ्या भागाला) ओरखडा. आणि टोक ताणून गुंडाळी झाल्यासारखं, कुरळं असेल तर दोरा वाटेत कुठेतरी अडकून ओढला गेला, म्हणजे रीळ, कोन (मोठं निमुळतं रीळ) किंवा टेन्शनच्या चकत्या (ज्यांच्या मधून दोरा दाबला जाऊन जातो त्या). हे एवढं बघितलं तरी अर्धी वाट कमी होते.

दोरा पुन्हा ओवा, पण फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर करून

खाली जंजाळ झालं की सगळे बॉबिनला दोष देतात. मी पण सुरुवातीला दिला. पण खाली दिसणारं जंजाळ हे जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याचं असतं. शटलभोवती वरच्या दोऱ्याचा फास फिरतो, मग वर-खाली होणारा दांडा तो फास वर ओढून घेतो. वर ताण नसेल तर फास ओढलाच जात नाही, खालीच साठत जातो. आणि ताण नसण्याचं साधं कारण म्हणजे दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये बसलेलाच नाही. पातळ दोरा आपोआप आत सरकतो, जाड दोरा चकत्यांच्या कडेवर बसून राहतो आणि आपल्याला वाटतं ओवलाय की.

म्हणून फूट वर करा (फूट वर असताना चकत्या उघड्या असतात, खाली असताना मिटलेल्या), रिळाकडचा दोरा उजव्या हातानं धरा, सुईकडचा डाव्या हातानं, आणि दोन्हीकडून ताणून चकत्यांमध्ये नीट आत बसवा. मग खात्री करा: फूट वर असताना दोरा ओढला तर सैल यायला पाहिजे, फूट खाली केल्यावर ओढला तर चांगला अडला पाहिजे, सुई वाकायला लागेल इतपत. दोन्ही वेळा सारखाच सैल आला तर दोरा बसलेला नाही किंवा चकत्यांमध्ये कचरा अडकलाय. सुती कापडाची दुमडलेली कड चकत्यांमध्ये घालून मागेपुढे फिरवा, जुन्या दोऱ्याची बारीक तुसं निघतात, कधी कधी अख्खा दोऱ्याचा तुकडा निघतो. हे करताना सुई टाचणी खुपसू नका, चकत्यांना ओरखडा पडला की जन्माचं दुखणं.

आणि टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिले चार-पाच टाके होईपर्यंत मागे धरून ठेवायची, गोधडीच्या मध्येच सुरुवात असेल तर खालचा दोरा आधी वर काढून घ्यायचा. जाड दोऱ्याचं टोक खाली ओढलं गेलं की पहिल्याच टाक्याला गाठोडं होतं.

कोन कुठे ठेवलाय

जाड दोरा बहुतेक कोनवर मिळतो, आणि घरगुती मशीनची दांडी छोट्या रिळासाठी असते. कोन दांडीवर उलटापालटा टेकवला की प्रत्येक फेऱ्याला तो झटका खातो, दोरा कोनच्या बुडाखाली अडकतो, एकदम ताणला जातो आणि तट्कन तुटतो. तुटायची जागा अंदाजे ठराविक अंतरानं येत असेल तर हेच समजा. कोनवरचा दोरा सरळ वर निघायला हवा. बाजारात कोनचं स्टँड मिळतं पण मी कित्येक वर्षं स्टीलच्या उभ्या डब्यात कोन ठेवून मशीनच्या मागे ठेवते, वरती भिंतीच्या खिळ्याला तारेचा हँगर वाकवून केलेला आकडा आहे, दोरा डब्यातून वर आकड्यात आणि तिथून मशीनवर. खर्च शून्य.

सुई, इथे थांबा आणि नीट वाचा

माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात वेळा उत्तर इथेच मिळतं. सुईच्या पाकिटावर ९०/१४, १००/१६, ११०/१८ असे जोडीचे आकडे असतात. पहिला आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे १०० म्हणजे एक मिलिमीटर जाड. दुसरा जुना नंबर, आपण दुकानात मागतो तो. जाडी वाढली की सुईचं नाकही मोठं होतं आणि सुईवर पुढून जी लांब खाच असते तीही खोल होते. ती खाच कशासाठी असते ते कळलं की सगळं कळतं. सुई कापडात शिरते तेव्हा दोरा त्या खाचेत दडून बसतो, म्हणून तो कापडावर घासत नाही. दोरा खाचेपेक्षा जाड असला की बाहेर राहतो आणि प्रत्येक टाक्याला सगळ्या थरांवर घासला जातो. वर एक गोष्ट लक्षात घ्या, दोऱ्याचा एकच तुकडा टाक्यात पक्का बसण्याआधी सुईच्या नाकातून एकदा नाही, पुष्कळ वेळा वरखाली होतो, कारण दर टाक्याला शटलभोवती मोठा फास जातो आणि त्यातला बराचसा परत वर येतो. नाक घट्ट असेल तर तोच तुकडा तेवढ्या वेळा किसला जातो. तुसं तिथून येतात.

परीक्षा अशी: दोरा सुटा कापून घ्या, हातभर, सुई मशीनवरून काढून त्यात ओवा, दोऱ्याचं एक टोक वर, एक खाली असं तिरपं ताणून धरा. सुई आपल्या वजनानं खाली घसरत गेली तर नाक पुरेसं आहे. अडली, ढकलावी लागली, तर पुढचा नंबर घ्या. दुकानात उभं राहून सुद्धा हे करता येतं, मी करते, दुकानदार आता ओळखतो.

जीन्सच्या टिपेला वापरतात तो दोरा असेल तर १६ नंबर, त्यापेक्षा जाड असेल तर १८. टॉपस्टिच सुई मिळाली तर फारच चांगलं, तिचं नाक त्याच जाडीच्या साध्या सुईपेक्षा मोठं असतं आणि खाच खोल, म्हणजे कापडाला मोठं भोक न पाडता जाड दोरा जातो. लहान गावात नाही मिळत, मग जीन्सची सुई चालते, तिचा दांडा कडक असतो, थरांत सहज वाकत नाही. १८ च्या पुढे जाऊ नका, मोठ्या सुईनं मऊ झालेल्या जुन्या साडीला भोकं पडतात आणि धुतल्यावर ती भोकं तशीच दिसतात, शिवाय घरगुती मशीनच्या प्लेटचं भोक त्यासाठी केलेलं नसतं.

सुई बसवायची दिशा. काळ्या मशीनवर चपटी बाजू एकीकडे, नव्या ऑटोमॅटिक मशीनवर मागे, त्यामुळे गोंधळ होतो. दोन्हीकडे लागू पडणारा नियम असा की चपटी बाजू शटलकडे आणि लांब खाच ज्या बाजूला आहे त्या बाजूनं दोरा ओवायचा. सुई वरपर्यंत टेकवून मगच स्क्रू आवळा, अर्धा मिलिमीटर खाली राहिली तरी शटलच्या टोकाला फास सापडत नाही.

आणि सुई बदला. साधारण आठ तास शिवण झालं की सुई गेली असं धरतात, गोधडीत तर त्याआधीच बोथट होते. एका काकूंच्या मशीनवर दिवाळीच्या आधीपासूनची सुई होती आणि आम्ही होळीला बसलो होतो. नवी १६ नंबर घातली आणि दोन तास चाललेलं सगळं दुखणं दोन मिनिटांत थांबलं. सुई चहाच्या पैशात येते, यात काटकसर करू नका.

दोरा कुठला घेतलाय

जाड म्हटलं म्हणून कुठलाही चालत नाही. काही रिळांवर टेक्स लिहिलेलं असतं, म्हणजे हजार मीटर दोऱ्याचं वजन किती ग्रॅम. नेहमीचा शिवणाचा दोरा २५ ते ३० टेक्सच्या आसपास, गोधडीवर उठून दिसायला ६० ते ७० पुरे. काही दोऱ्यांवर याच्या उलटे आकडे असतात, ४०, ३०, १२ असे, तिथे आकडा लहान तितका दोरा जाड, हे माहीत नसल्यानं मी स्वतः एकदा १२ नंबर म्हणजे पातळ समजून आणला होता आणि तो सुईत शिरेचना.

क्रोशाचा दोरा, भरतकामाची लडी, मेण किंवा चकाकी लावलेला हातशिवणीचा दोरा, हे सुईतून चालवू नका. मेणाचा थर चकत्यांवर बसतो आणि मग पुढचा साधा दोरा पण नीट चालत नाही. आईच्या ट्रंकेत सापडलेला जुना सुती दोरा वापरायचा मोह मला कळतो, रंगही सुंदर असतात, पण आधी हातभर घेऊन झटका देऊन बघा. सहज तुटला तर तो टाका घालायला, काजं करायला ठेवा, मशीनला नको.

बॉबिनमध्ये जाड दोरा भरू नका. वर जाड, खाली नेहमीचा पातळ, रंग अस्तराला मिळता. दोन्हीकडे जाड घातला की दोघांची गाठ थरांच्या मध्ये मावत नाही, वर नाहीतर खाली गोळा दिसतो, आणि बॉबिन दर थोड्या वेळानं संपते ते वेगळंच.

गोधडीचं ओझं आणि थर

हा भाग कोणी सांगत नाही म्हणून मी जरा लांब लिहिते. मोठ्या माणसाची गोधडी, आत दोन नऊवारी किंवा तीन पाचवारी, वर आणि खाली अस्तर, हे सगळं मिळून चांगलं वजनदार होतं. टेबलाच्या कडेवरून ती खाली लोंबली की ते वजन कापडाला ओढतं, कापड सुईला ओढतं, सुई किंचित वाकते. डोळ्याला दिसत नाही इतकी वाकते, पण शटलचं टोक सुईच्या अगदी अंगाला लागून जात असतं, तिथे एवढासा फरक पुरतो, टाका सुटतो किंवा सुई प्लेटवर आपटते. पातळ दोऱ्याच्या वेळी हे निभावून जातं, जाड दोरा ताठ असल्यामुळे त्याचा फास आधीच आडमुठा, तिथे हे ओझं पडलं की संपलंच.

त्यामुळे डावीकडे आणि मागे खुर्च्या, स्टूल, इस्त्रीचं टेबल काय असेल ते मशीनच्या उंचीला आणून लावा, गोधडी त्यावर पसरू दे. उजवीकडचा भाग घट्ट वळकटी करून मशीनच्या कमानीतून घाला. आणि हातानं गोधडी ओढू नका, फक्त दिशा द्या, ओढायचं काम खालच्या दात्यांचं आहे. मागून ओढायची सवय आपल्या सगळ्यांना असते. माझी जायला एक अख्खा पावसाळा लागला.

थर किती ते मोजा. हातानं धावदोरा घालताना जाड सुई आणि अंगठ्याचा जोर असतो, आजीनं सात-आठ थर घातले असतील, ते तिच्या हाताला जमत होतं. घरगुती मशीनला मऊ सुती साडीचे पाच-सहा थर माझ्या मते पुरे. जिथे दोन साड्यांचे जोड एकावर एक येतात तिथे ते दहा-बारा होतात आणि नेमकी तिथेच सुई मोडते. जोड एकमेकांपासून चार बोटं सरकवून घाला. तो ढिगारा आलाच तर पॅडलवरून पाय काढा आणि चाक हातानं फिरवून ते चार टाके घाला.

आणि काठ. जरीचा काठ आत ठेवू नका. जर म्हणजे धातूची तार किंवा धातूचा मुलामा दिलेला धागा, सुई त्यावर आपटून बोथट होते आणि जाड दोरा त्यावर चिरला जातो. कोणाची आठवण म्हणून काठ हवाच असेल तर तो वरून शेवटी हातानं लावा. फॉल पण उसवून काढा, तो आत राहिला की एक कडक पट्टी तयार होते. एकदा मी टीप ठराविक जागीच का सुटते म्हणून संध्याकाळभर मशीन उघडून बसले होते, शेवटी थर उसवला तर आत दोन बोटं रुंदीचा जरीचा काठ निघाला.

टाका मोठा करा. साडेतीन ते चार मिलिमीटर, म्हणजे इंचाला सहा-सात टाके. बारीक टाक्यात जाड दोऱ्याला बसायला जागाच नसते, टाके एकमेकांवर चढतात आणि टीप दोरखंडासारखी दिसते. जुन्या काळ्या मशीनवरचे आकडे कधी कधी इंचाला किती टाके असे असतात, तिथे आकडा कमी केला की टाका मोठा होतो, नव्यावर उलट, त्यामुळे आकड्यावर न जाता एकदा शिवून पट्टीनं मोजा. फुटाचा दाब कमी करायची सोय असेल (वरचा गोल स्क्रू किंवा आकड्यांची चकती) तर थोडा कमी करा, नाहीतर वरचा थर पुढे ढकलला जाऊन चुण्या पडतात. वेग निम्म्यावर आणा. पायमशीनवाल्यांनी पट्टा बघा, सैल असेल तर जाड थरात चाक फिरतं आणि सुई अडते, लोकांना वाटतं मशीन जाम आहे. पट्टा बोटभर कापून परत आकडा लावला की ताकद येते.

साफसफाई आणि तेल

जुन्या सुती साड्या खूप तुसं सोडतात. प्लेट काढा, दात्यांच्या (कापड पुढे सरकवणाऱ्या) मधला नमदा, म्हणजे तुसांचा घट्ट थर, ब्रशनं काढा, बॉबिन केस आणि शटल बाहेर काढून पुसा. मोटरचं मशीन असेल तर प्लग काढूनच. नमदा दात्यांमध्ये साठला की कापड पुढे सरकत नाही, टाके एकाच जागी पडतात आणि जाड दोरा तिथेच गुंततो. फुंकर मारू नका, तोंडातली ओल आत जाते.

तेल मशीनचंच घाला, पातळ पांढरं. खोबरेल तेल घालणाऱ्या खूप जणी भेटल्यात मला. खोबरेल थंडीत थिजतं हे आपण बाटलीत दर वर्षी बघतो, तेच मशीनच्या आत होतं, आणि उन्हाळ्यात ते चिकट होऊन तुसं धरून ठेवतं. जिथे तेलाची भोकं आहेत तिथे एक एक थेंब, मग चिंधीवर वीतभर टीप मारून जादाचं तेल निघू द्या, नाहीतर गोधडीवर डाग पडतो. काही नव्या मशीनला तेल घालायचंच नसतं, माहितीपुस्तक बघा.

आता टेन्शन

इथपर्यंत सगळं झालं आणि टीप अजून नीट नसेल तर आता. त्याच थरांचा, त्याच साड्यांच्या उरलेल्या तुकड्यांचा वीतभर नमुना घ्या, गोधडीवर प्रयोग नाही. जाड दोरा चकत्यांना जास्त फाकवतो, मागची स्प्रिंग जास्त दाबली जाते, म्हणजे तुम्ही काहीही न फिरवता ताण वाढलेला असतो. म्हणून वरचं टेन्शन सैल करायचं. आकड्यांचं असेल तर ४ वरून ३, मग गरज लागली तर २. काळ्या मशीनवर ती फिरकी डावीकडे अर्धा फेरा, एका कागदावर लिहून ठेवा किती फिरवलं. खालचा दोरा वर ठिपक्यांनी दिसत असेल तर अजून सैल, वरचा दोरा खाली फासासारखा दिसत असेल तर जरा घट्ट. प्रत्येक बदलानंतर नवी ओळ शिवा आणि त्या ओळीशेजारी पेननं आकडा लिहा.

बॉबिन केसचा स्क्रू शक्यतो नकोच. अगदी लागलाच तर आधी स्क्रूच्या खाचेची दिशा फोटो काढून ठेवा आणि घड्याळाच्या पाच मिनिटांएवढाच फिरवा. खाली पांढरा रुमाल पसरून बसा, तो स्क्रू एवढासा असतो आणि पडला की सापडत नाही.

ओरखडे

टोक साफ कापल्यासारखं दिसत होतं त्यांच्यासाठी. सुई पूर्वी कधी मोडली असेल तर प्लेटच्या भोकाला किंवा शटलच्या टोकाला बारीक चट्टा पडलेला असतो. जुना नायलॉनचा मोजा किंवा कापसाचा बोळा हळूच फिरवा, धागा अडकला ती जागा. प्लेटच्या भोकाला ओरखडा असेल तर प्लेट मशीनवरून पूर्ण काढून १००० नंबरचा पॉलिश पेपर पिळून काडीसारखा करा, हलक्या हातानं फिरवा, धुवून पुसून लावा. नवी प्लेट पण फार महाग नसते. शटलच्या टोकाला मात्र हात लावू नका, ते टोक घासून बोथट झालं की फास धरतच नाही.

इथे थांबायचं

साध्या दोऱ्यानं, नव्या सुईनं, दोन थरांवरही टाके सुटत असतील तर सुई आणि शटलची वेळ बिघडलीय. सुई तळाला जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर आली की नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक नाकाच्या जरा वरून गेलं पाहिजे, ते जमवायला स्क्रू सैल करून सुईचा दांडा हलवावा लागतो आणि त्याला अनुभवी हात लागतो. व्हिडिओ बघून मी एकदा केलं आणि मग मेकॅनिकला दुप्पट वेळ लागला. तसंच चाक हातानं फिरवूनही जाम असेल, आतून दात घासल्यासारखा आवाज येत असेल, मोटरला जळका वास येत असेल किंवा मशीनच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लगेच प्लग काढा आणि परत लावू नका. झिणझिण्या म्हणजे करंट आहे. मोटर आधी दाखवा, मग गोधडी.

सुई मोडली असेल तर मोडलेले सगळे तुकडे जुळवून अख्खी सुई होते का बघा. टोक सापडलं नाही तर लोहचुंबक फिरवा, थर उसवावे लागले तरी उसवा. ही गोधडी कुणाच्या तरी बाळाखाली जाणार असते.

मेकॅनिककडे जाईपर्यंत, किंवा तुमचा दोरा सुईतून जाण्यापलीकडे जाड असेल तर, एक वाट आहे आणि मला स्वतःला ती फार आवडते. जाड दोरा, अगदी क्रोशाचा सुद्धा, बॉबिनमध्ये हातानं हळूहळू भरायचा, वर नेहमीचा दोरा, आणि गोधडी उलटी ठेवून अस्तराच्या बाजूनं शिवायची. रेघा अस्तरावर खडूनं आखून घ्या. जाड टाका खाली, म्हणजे गोधडीच्या चांगल्या बाजूला पडतो, आणि तो सुईच्या नाकातून जातच नसल्यामुळे किसला जात नाही. यासाठी दुसरी बॉबिन केस विकत घ्या, तिचा स्क्रू सैल करा आणि नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा, म्हणजे रोजची केस रोजच्याच मापात राहते. टाका जवळजवळ हाताच्या धावदोऱ्यासारखा दिसतो.

मेकॅनिककडे जाताना नुसतं मशीन नेऊ नका. तोच दोरा, तीच सुई आणि त्याच थरांचा नमुन्याचा तुकडा पिशवीत घाला. त्याच्याकडे साधा दोरा आणि दोन थरांची चिंधी असते, त्यावर मशीन छान चालतं, तो म्हणतो काही झालेलं नाही, आणि तुम्ही घरी येऊन परत तिथेच. त्याच्यासमोर बसून तुमच्या तुकड्यावर हातभर टीप मारून घ्या, उलटी करून बघा, मग पैसे द्या.